विसावा चौकोन

त्र्याण्णवच्या भूकंपाच्या पहाटे लातुरात नजीरभाईंच्या छापखान्यात कुणी नव्हतं, म्हणून कुणाला लागलं नाही. माझं स्टेशनरीचं दुकान त्यांच्या भिंतीला लागून. उजाडल्यावर आम्ही दोघांनी मिळून त्यांचं शटर वर केलं, तर आत नुसता खिळ्यांचा ढीग. छापखान्यात प्रत्येक अक्षराचे शिशाचे खिळे वेगवेगळ्या खणांत ठेवलेले असतात. ते खणांचे लाकडी ट्रे सगळेच्या सगळे खाली आले होते. क, ठ, काने, वेलांट्या, रफार, मराठी, इंग्रजी, मोठा टाईप, बारका टाईप, सगळं एकाच ढिगात. नजीरभाईंनी आधी भिंतींकडं बघितलं, मग छताकडं. "अल्लाची मेहेरबानी," ते म्हणाले. मग खाली बसले, एक खिळा उचलून डोळ्याजवळ धरला आणि म्हणाले, "ठ."

औसा-निलंग्याकडच्या गावांचं काय झालं ते दुपारपर्यंत कळत गेलं. त्यानंतर खिळ्यांचं दुःख बोलून दाखवायची कुणाची छाती झाली नाही.

पण गंमत बघा. त्या हिवाळ्यात लातुरात छपाईला जेवढं काम आलं तेवढं पूर्वी कधी आलं नव्हतं. मदतीचे अर्ज, पंचनाम्याचे फॉर्म, पावत्या, संस्थांची पत्रकं. ज्याच्याकडं यंत्र होतं त्याला झोपायला सवड नव्हती, आणि आमच्या नजीरभाईंची अख्खी बाराखडी जमिनीवर पडलेली. त्यांची मुलगी सबिहा तेव्हा बारावीला होती, कला शाखेत. कॉलेजानं सांगितलं म्हणून परीक्षेच्या फॉर्मसाठी तिनं फोटोही काढून ठेवला होता. ती बापाबरोबर खिळे निवडायला बसली. आधी ढीग उरकू, परीक्षा काय पुढच्या वर्षी बी असती, असं ठरलं. ढीग काही उरकला नाही. उन्हाळ्यात नजीरभाईंनी उरलेलं शिसं बॅटरीवाल्याला वजनावर देऊन टाकलं. परीक्षेचं नाव मग कुणी काढलं नाही.

त्याच सुमारास बाहेरच्या एका संस्थेनं भूकंपग्रस्त महिलांसाठी कॉम्प्युटरचा वर्ग काढला. पुस्तकाची पानं कॉम्प्युटरवर कशी मांडायची ते फुकट शिकवणार होते. संस्थेच्या लोकांनी गावोगाव जाऊन बायकांना विचारलं. बायका म्हणाल्या, कॉम्प्युटर राहू द्या, म्हैस द्या. म्हशी संस्थेच्या योजनेत नव्हत्या. जागा रिकाम्या राहायला लागल्या तेव्हा शहरातल्या मुलींना घेतलं. सबिहाच्या अर्जावर 'भूकंपात झालेलं नुकसान' या रकान्यात काय लिहावं, हा प्रश्न पडला. नजीरभाई म्हणाले, "लिव्ह, अख्खी बाराखडी आणि इंग्रजी टाईपाचे दोन जोड." ती निवडली गेली.

खऱ्या भूकंपग्रस्तांपैकी वर्गात शेवटपर्यंत टिकली ती एकटी सिंधु. पडलेल्या एका गावातून रोज एस.टी.नं यायची. घरचं शेत होतं, सासू होती, नवरा होता. दीर आणि त्याची दोन लेकरं राहिली नव्हती. ती त्याबद्दल बोलत नसे, आणि वर्गात तिला कुणी विचारू नये एवढी समज मुलींना होती.

शिकवायला पुण्याहून सुकन्या मॅडम आल्या होत्या. पहिला आठवडा त्यांनी कॉम्प्युटरला हातच लावू दिला नाही. प्रत्येकीला एक वर्तमानपत्र दिलं, वर ट्रेसिंग पेपर ठेवायला लावला आणि सांगितलं, "अक्षरं वाचायची नाहीत. फक्त रेघा शोधा. मजकूर कुठून सुरू होतो, कुठं संपतो, फोटोची कड कुठल्या रेघेला टेकते, तेवढंच आखा."

मुलींनी आखलं. प्रत्येक पानाखाली उभ्या-आडव्या रेघांची एक जाळी निघाली. मॅडम म्हणाल्या, "हिला ग्रिड म्हणतात. वाचणाऱ्याला ती दिसत नाही, पण नसली तर त्याला लगेच खटकतं."

सबिहाला नादच लागला. दुकानात येऊन ती माझी कॅलेंडरं, वह्यांची वेष्टनं, कुणाकुणाच्या लग्नपत्रिका घेऊन आखत बसायची. "काका, ह्या पत्रिकेत सगळे मामा रेघेच्या बाहेर गेलेत," असं मला एकदा म्हणाली. मी म्हटलं, मामा लोकांचं तसंच असतंय.

मग कॉम्प्युटर सुरू झाला. पेजमेकर नावाचा प्रोग्राम उघडला की पडद्यावर कोरं पान यायचं, आणि पट्टीवरून माऊस ओढला की निळी रेघ उतरायची. ती रेघ पडद्यावर दिसते, पण छापून येत नाही, हे कळल्यावर सबिहानं हात थांबवला. "मंग ती कशाला, मॅडम?"

"तुझ्यासाठी. पान धरून ठेवायला."

घरी तिनं हे नजीरभाईंना सांगितलं. ज्यांनी आयुष्यभर जे जुळवलं ते छापलं, त्यांना न छापणारी रेघ पचायला जड गेली.

मॅडमनी पान तीन उभ्या रकान्यांत आणि चार आडव्या पट्ट्यांत भागायला लावलं. बारा चौकोन. चित्र एक चौकोन घेईल, दोन घेईल, चार घेईल, पण त्याची कड रेघेवरच यायला पाहिजे. दोन रकान्यांच्या मधे सारखी फट. चारी बाजूंना समास. हे एकदा ठरवून मास्टर पानावर ठेवलं की पुढची शंभर पानं आपोआप तशी येतात. मधेच वीज गेली की ती शंभर पानं आपोआप जातात, हे मात्र त्यांनी सांगितलं नव्हतं. ते लातूरच्या वीज मंडळानं शिकवलं.

सिंधु त्या बारा चौकोनांकडं बघत राहिली. "आमचं नवं गाव अस्संच आखलंय बगा," ती म्हणाली. "साहेबानं कागद दाखिवला होता. सरळ रस्ते, घराला घर लागू देत न्हाईत. मधी ही फट सोडलीय."

"चांगलं आहे की मग," मॅडम म्हणाल्या.

"चांगलंच हाय. पडलं तर अंगावर पडणार न्हाई. पण चुलीपासून हाक मारली तर शेजारणीला ऐकू येत न्हाई."

मॅडमनी प्रिंटरमध्ये कागद घातला.

सबिहाचं पहिलं पान मात्र पार बिघडलं. नजीरभाईंची ख्याती अशी होती की पावपानी हँडबिलात ते अख्खी जत्रा बसवायचे. मुलीनंही तसंच केलं. कडेपासून कडेपर्यंत अक्षरं. मॅडम म्हणाल्या, "अगं, श्वास घ्यायला जागा नाही यात." ती घरी येऊन रुसून बसली. नजीरभाईंनी विचारलं, काय झालं. तिनं सांगितलं, मॅडम म्हणतात पान रिकामं ठेव.

"मंग खरंच हाय," ते म्हणाले. "आपण दोन शब्दांच्या मधी काय घालत होतो?"

"शिसं."

"न छापणारं शिसं. कोरी जागा आपोआप पडत नसती बेटा, बसवावी लागती."

एवढं बोलल्यावर त्यांच्याही लक्षात आलं की न छापणारी रेघ काही फार नवीन गोष्ट नाही. दुसऱ्या दिवसापासून ते पेजमेकरबद्दल जरा आदरानं बोलायला लागले.

वर्ग संपला. संस्थेनं अहवाल केला, त्यात सबिहाचा 'स्वावलंबी भूकंपग्रस्त' म्हणून उल्लेख आला. सबिहा आणि सिंधुनं मिळून नजीरभाईंच्याच छापखान्यात एक जुना कॉम्प्युटर मांडला. सिंधु टायपिंग करायची, सबिहा पान लावायची.

इथपर्यंत सगळं सरळ होतं. मग लातुरात क्लास आले.

आले म्हणजे कसे, तर सकाळी एक गल्ली ओळखीची असायची आणि संध्याकाळी तिथं बोर्ड. भूकंपानं ज्या घरांना तडे गेले होते ते बुजवून, वर मजला चढवून लोकांनी खोल्या केल्या आणि पोरांना भाड्यानं दिल्या. भोकरपासून चाकूरपर्यंतची पोरं बारावीला लातुरात. डॉक्टर व्हायचं, नाहीतर इंजिनिअर. तिसरं काही असतं हे कुणी बोलत नव्हतं. प्रत्येक क्लासला नोट्स पाहिजेत, प्रश्नपत्रिका पाहिजेत, आणि जूनमध्ये निकाल लागला की वर्तमानपत्रात जाहिरात पाहिजे. नीट ओळीत पोरांचे फोटो लावणारी दुकानं तेव्हा लातुरात फार नव्हती. सबिहाच्या दुकानापुढं सर लोकांच्या स्कूटर उभ्या राहायला लागल्या.

त्यातले सगळ्यात मोठे किशनराव सर. मूळचे मुरुडचे, शिकवायचे रसायनशास्त्र. शिकवायचे चांगलं, हे खरं आहे. पण कोऱ्या जागेशी त्यांचं वैर होतं. सबिहानं समास सोडला की ते बोट ठेवायचे. "हितं काय हाय?"

"काही न्हाई, सर. मोकळं हाय."

"मंग पैसे कशाचे द्यायलोय मी? हितं घाला, 'प्रवेश सुरू'."

सबिहा घालायची. मग ते दुसरीकडं बोट ठेवायचे. तिथंही 'प्रवेश सुरू'. एका पानावर पाच ठिकाणी प्रवेश सुरू झालेला मी स्वतः पाहिलाय.

भूकंपानंतर आठ-नऊ वर्षांनी, एका जूनमध्ये सरांना वीस फोटो लावायचे होते. पाच रकाने, चार ओळी. सबिहानं ग्रिड आखली, फोटो स्कॅन केले, खाली नाव आणि विषयाचे गुण. सगळं बसवल्यावर शेवटचा चौकोन रिकामा राहिला. सरांनी दिलेले फोटो एकोणीसच होते.

"विसावा पाठवून देतो," सर फोनवर म्हणाले. "तोवर चौकोन ठेवा."

रिकाम्या चौकोनानं पान डावीकडं कलल्यासारखं वाटत होतं. फोटो किती गडद येतो, नाव लांब असलं तर दोन ओळींत मोडतं का, हे बघायला तिला काहीतरी हवं होतं. टेबलाच्या खणात तिचाच तो जुना फोटो पडला होता, बारावीच्या फॉर्मसाठी काढलेला. डोक्यावर ओढणी, डोळे मोठे. तिनं तो लावला. शेजारचा चौकोन जसाच्या तसा घेऊन त्यातल्या नावावर लांबलचक नाव टाईप केलं, 'कु. शेख सबिहा नजीर अहमद'. खाली शेजारणीचे गुण तसेच राहिले. भौतिकशास्त्र, अठ्ठ्याण्णव.

नाव दोन ओळींत नीट बसलं.

विसावा फोटो काही आला नाही. दुपारी सर स्वतःच आले, घाईत, कारण वर्तमानपत्रवाला संध्याकाळच्या आत पान मागत होता. त्यांनी बोटानं चौकोन मोजले. "हाव. वीस हायेत. झकास."

"सर, तो शेवटचा..."

"आता काई बदलायचं न्हाई, बाई. भरल्यासारखं दिसायलंय." त्यांनी कोपऱ्यात सही केली आणि पान गुंडाळून घेऊन गेले. समोर उभ्या बाईचा चेहरा आणि कागदावरचा चेहरा एकच आहे, हे काही त्यांच्या ध्यानात आलं नाही. तसं ते वर्षानुवर्षं तिच्याकडं येत होते, पण बघत पडद्याकडं होते.

जाहिरात छापून आली. सकाळी पहिल्यांदा नजीरभाईंनी पाहिली. वर्तमानपत्र घेऊन ते माझ्या दुकानात आले आणि विसाव्या चौकोनावर बोट ठेवलं. मी वाचलं. मी म्हटलं, "नजीरभाई, ही विज्ञानाला कधी गेली?"

"मला बी आत्ताच कळालं," ते म्हणाले. राग होता की आनंद, चेहऱ्यावरून कळत नव्हतं. पण दहा वाजेपर्यंत गल्लीतले चार जण मुबारक देऊन गेले आणि प्रत्येकाला त्यांनी चहा पाजला.

सबिहा मात्र घाबरली. ती थेट क्लासवर गेली. सिंधुही बरोबर गेली, म्हणून पुढचं मला तिच्याकडून कळलं.

"सर, विसावा फोटो माझा हाय. चुकून राहिला. मी बारावीला बसलेच न्हाई."

सरांनी पान उघडलं, फोटो बघितला, मग तिच्याकडं बघितलं. पहिल्यांदाच नीट बघितलं असावं. "तुमचा?" ते म्हणाले. "मंग दुरुस्ती छापायची?"

"छापावी लागंल, सर. माझ्याच खर्चानं छापा."

"खर्चाचं न्हाई हो." सरांनी पान मिटलं. "एक खोटा म्हणलं की लोक म्हणत्याल, बाकीचे एकोणीस बी तसलेच. ती पोरं तर खरी हायेत ना? त्यांनी रक्त आटवलंय. त्यांच्यासाठी गप बसा."

आणि ते खरंही होतं. सबिहा गप्प बसली. त्या एकोणीस पोरांची अब्रू आता तिच्या खोट्या अठ्ठ्याण्णव गुणांवर उभी होती.

आठवडा झाला नसेल तोच दुकानात नरसिंग सर आले. यांचा क्लास किशनरावांच्या समोरच्या बाजूला. त्यांनाही जाहिरात करायची होती, चोवीस चौकोनांची. खिशातून त्यांनी किशनरावांच्या जाहिरातीचं कात्रण काढलं आणि पेन्सिलनं एका चेहऱ्याभोवती गोल केला.

"ही पोरगी आमच्याकडं बी होती. रिव्हिजन बॅचला. हिचा फोटो घ्या."

सिंधुचे हात कळफलकावर थांबले. सबिहानं कात्रणाकडं बघितलं, मग सरांकडं. "ही तुमच्याकडं होती, सर?"

"मंग? लई हुशार. पहिल्या बाकावर बसायची. प्रश्न विचारून विचारून डोकं खायची."

"सर, ही मी हाय."

नरसिंग सर हसले. मनापासून हसले. "काय ताई तुम्ही बी! तुम्ही तर डीटीपीवाल्या. हिचे डोळे बघा की, हुशारी कशी दिसायलीय." मग आवाज उतरवून म्हणाले, "किशनरावांनी सांगितलंय का, लावू नका म्हणून? त्यांचं माझं मी बघून घेतो. तुम्ही लावा."

सबिहा उठली, माठातलं पाणी पिऊन आली. सिंधुनं तिला हळूच विचारलं, "काय करायचं?" सबिहा म्हणाली, "खरं सांगून बघितलं. आता गिऱ्हाईकाचं ऐकायचं." आणि तिनं स्वतःचा फोटो तिसऱ्या ओळीत, दुसऱ्या रकान्यात, चारी कडा रेघेला टेकवून बसवला. या वेळी रसायनशास्त्रातही पंच्याण्णव मिळाले.

पुढचे काही दिवस गल्लीत परगावचे लोक विचारत यायचे, ती शेख मुलगी कुठं राहते म्हणून. चाकूरचे एक गृहस्थ तर दुकानातच आले. मुलीला कुठल्या क्लासला घालावं, दोन्हीकडं शिकलेल्या पोरीला विचारावं म्हणून. सबिहानं त्यांना बसवलं आणि सगळं सरळ सांगितलं. खिळे, फोटो, रिकामा चौकोन, सगळं. गृहस्थांनी शांतपणे ऐकून घेतलं. बाहेर पडल्यावर मला म्हणाले, "हुशार माणसं खरी गोष्ट सांगत नसत्यात बघा."

त्या रात्री जेवताना नजीरभाईंनी विषय काढला. ते मला दुसऱ्या दिवशी म्हणाले, पोरीला मी एवढंच बोललो की, छापलेलं परत घेता येत न्हाई. आपल्या धंद्यात छापायच्या आधी तपासायचं असतंय. आता छापून बसलंय, तर ते खरं तरी करावं लागंल.

"डॉक्टर होऊ का मी?" सबिहानं विचारलं होतं.

"बारावी तर हो."

ती हसली, पण झोपली नाही, असं तिची आई चांदबीनं सांगितलं. पावसाळ्यात तिनं बाहेरून परीक्षा देण्याचा सतरा नंबरचा फॉर्म भरला, कला शाखेचा. सव्वीस वर्षांची बाई दिवसा क्लासवाल्यांच्या विज्ञानाच्या नोट्स लावायची आणि संध्याकाळी इतिहास वाचायची. तिच्याच हातून लागलेल्या प्रश्नपत्रिका सोडवून लातूरची पोरं नव्वदच्या पुढं जात होती. तिला अर्थशास्त्राला छत्तीस मिळाले. एकूण द्वितीय श्रेणी.

हा निकाल कुठल्याही जाहिरातीत आला नाही. किशनराव सरांनी पेढे पाठवले खरे, आणि कला शाखेची बॅच काढतोय, फोटो देता का, असं विचारलंही. तिनं नाही म्हटलं. पहिल्यांदाच तिनं एखाद्या सरांना नाही म्हटलं होतं. जाताना सर दारातून म्हणाले, "छत्तीस बी काई वाईट न्हाईत, बाई." ते मनापासून म्हणाले असं मला वाटलं.

पुढच्या वर्षी नांदेडच्या एका क्लासनं तिला बोलावून नेलं. तिथंही तेच वारं सुटलं होतं. त्यांनी तिला प्रकाशन विभागाचं प्रमुख केलं, हाताखाली तीन मुली दिल्या. तिनं एकच अट घातली. पुस्तकाची ग्रिड ती ठरवणार आणि समासात कुणी हात घालायचा नाही. मालकांनी मान्य केलं. पुस्तक आलं, भरपूर समासाचं, डोळ्याला निवांत. पोरांनी त्या समासात गणितं सोडवायला सुरुवात केली. ते बघून मालक खूश झाले आणि दुसऱ्या आवृत्तीच्या मुखपृष्ठावर त्यांनी ठळक अक्षरांत छापलं, 'प्रत्येक पानावर रफ कामाची खास सोय'. सबिहाला ते पटलं नाही. पण समास टिकला.

नव्या मुलींना ती पहिला आठवडा कॉम्प्युटरला हात लावू देत नाही. लातूरचं दुकान सिंधु चालवते. तिनं नव्या गावातल्या घराला शेजारच्या बाजूनं एक खिडकी पाडून घेतली आहे. आखणीत ती नव्हती म्हणून ग्रामसेवक एकदा येऊन गेला, चहा पिऊन परत गेला.

नजीरभाई आता थकलेत. नांदेडहून पुस्तक आलं की चष्मा लावून पानं उलटतात, चुका शोधतात आणि सापडली की सगळ्या गल्लीला दाखवतात. सबिहा नोकरी सांभाळून बाहेरून बी.ए. करतेय, शेवटचं वर्ष आहे. पण तिची परीक्षा नेमकी क्लासच्या हंगामात येते, आणि तेव्हा दुसऱ्यांच्या परीक्षांचंच काम इतकं असतं की दोन वर्षं झाली, पेपर राहूनच जाताहेत. यंदा रजा मागितलीय म्हणते.